आमेन म्हणून मोकळे

पूलस्ट्राबाईंना प्रकाशनातून काढलं, आणि ज्या पुस्तकासाठी त्या तिथं टिकून होत्या तेही त्यांच्या हातातून काढून घेतलं.

हे वाक्य आता विसरा. असं काही झालेलं नाही. हॉफमेयर बंधू प्रकाशनानं आजतागायत कुणालाही काढलेलं नाही. आमच्याकडून लोक 'पुढच्या सेवेसाठी मोकळे' होतात. माझ्याआधी माझ्या खुर्चीत बसणारा गृहस्थ असाच मोकळा झाला. सध्या गावाबाहेरच्या गाद्यांच्या दुकानात सेवा करतो. पूलस्ट्राबाई ठणठणीत आहेत. विचारलंत तर त्या स्वतःही हेच सांगतील. आम्हा अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्सच्या डच लोकांना वाईट बातमी तोंडानं सांगता येत नाही, आणि भांडता तर त्याहून येत नाही. पटलं नाही की आम्ही उठतो आणि समोरच्या कोपऱ्यावर नवं चर्च बांधतो. गावात एवढी चर्चं कशी, असं पाहुणे कौतुकानं विचारतात.

तर जे झालेलं नाही ते कसं झालं, ते सांगतो.

मी रीड बाउकँप, साहाय्यक संपादक. नोकरीला लागलो तेव्हा काम सरळ होतं. लेखक म्हणजे कुठल्यातरी सेमिनरीतला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या विद्यालयातला, निवृत्त प्राध्यापक. तो अर्धं आयुष्य घालवून बायबलच्या एखाद्या पुस्तकावर टीकाग्रंथ लिहायचा, उरलेलं अर्धं आम्ही तो तपासण्यात घालवायचो, आणि छापून आला की गावोगावच्या चर्चचे पाळक विकत घेऊन कपाटात ठेवायचे. वाचता का, असं त्यांना विचारायची पद्धत नव्हती. कपाट भरलेलं दिसलं की मंडळी निर्धास्त आणि पाळकही निर्धास्त.

सोमवारी सकाळी बैठक असायची. आधी पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी टेबलाभोवती फिरायची, जशी चर्चमध्ये प्रवचनाच्या वेळी बाकावरून फिरते तशीच. गोळी जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, आणि थोरले हॉफमेयर प्रार्थना करायचे. शब्द ठरलेले. गोळी अर्धी विरघळायच्या आत आमेन. एका सोमवारी त्यांनी शेवटी एक वाक्य जास्तीचं जोडलं, "आणि हे पित्या, नव्या मालकांना सुबुद्धी दे." आम्ही आमेन म्हणालो आणि डोळे उघडले.

"नवे मालक म्हणजे कोण?" लँबर्टमामांनी विचारलं. लँबर्ट डाइकहाउस हे आमचे ज्येष्ठ संपादक, आणि माझ्या आईचे आतेभाऊ. आमच्याकडे दोन अनोळखी माणसं भेटली की कॉफी गार व्हायच्या आत कुणाच्या तरी लग्नात एका पंगतीला जेवल्याचं निघतं.

थोरले हॉफमेयर तोवर टोपी घालत होते. "तुम्ही सगळे आमेन म्हणालात," ते म्हणाले. "मला फार बरं वाटलं." आणि गेले.

प्रकाशन नॅशव्हिलच्या एका बड्या कंपनीला विकल्याची बातमी आम्हाला मिळाली ती एवढीच. पण त्या दिवशी एक पायंडा पडला. आमेन म्हटलं म्हणजे ठरलं.

नॅशव्हिलहून ब्रँट टॉलिव्हर आला तो आमचा नवा प्रमुख म्हणून. तो आल्या आल्या सगळ्यांना मिठी मारत सुटला. लँबर्टमामांना त्यांच्या सख्ख्या भावानं अशी मिठी मारलेली नव्हती; ते झाडासारखे उभे राहिले आणि सुटका झाल्यावर चष्मा शाबूत आहे का ते त्यांनी पाहिलं. मग ब्रँटनं जाहीर केलं की यापुढे मिस्टर नाही, मिसेस नाही, सगळे पहिल्या नावानं. माझी जीभ काही रेटेना. पूलस्ट्राबाई म्हणजे आमच्या वयस्क संपादिका, त्यांना 'हेनी' म्हणायचं म्हणजे चर्चच्या घंटेला चिमटा काढण्यासारखं. मी त्यांना काहीच म्हणेनासा झालो. नुसता जवळ जाऊन खोकायचो.

एक सांगायला हवं. ब्रँट ढोंगी नव्हता. असता तर सोपं गेलं असतं. तो प्रार्थना करायचा तेव्हा त्याचे डोळे खरोखर ओले व्हायचे. फक्त त्याची प्रार्थना लांब असायची. पहिली गोळी संपायची, दुसरी संपायची, आणि जे त्याला टेबलावर आमच्या डोळ्यांत बघून सांगणं जड जायचं, ते तो डोळे मिटून देवाला सांगायचा. आम्ही शेजारी बसलेलो असायचो, आमच्या कानावर पडायचं.

"हे प्रभू, मोठमोठ्या ग्रंथांच्या ओझ्याखालून तू लँबर्टचे खांदे मोकळे करतोयस, म्हणून तुझे उपकार मानतो. आमेन."

"आमेन," आम्ही म्हणालो. लँबर्टमामाही म्हणाले. डोळे उघडल्यावर त्यांना कळलं की बायबलमधल्या बारा लघुसंदेष्ट्यांवरची त्यांची ग्रंथमाला बंद झाली आहे.

"मी मीखापर्यंत आलो होतो," ते जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाले. त्यांच्या डब्यात हॅमचा बन होता, तो तसाच होता. "पुढं नहूम होता. नहूमवर लिहिणाऱ्या प्राध्यापकाला मी काय सांगू?"

"सांगा, देवानं तुमचे खांदे मोकळे केले."

"तो विचारेल, देवानं तसं पत्र दिलंय का."

"मग तुम्ही आमेन का म्हणालात, मामा?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना विचारलंय, तुम्ही श्वास का घेतला. "प्रार्थना संपली होती," ते म्हणाले.

हा आमचा रोग आहे. पाळण्यात असल्यापासून जेवणाआधी प्रार्थना, जेवणानंतर प्रार्थना, रविवारी दोन उपासना. कुणीही, कुठंही, कसलीही प्रार्थना संपवली की तोंड आपोआप आमेन म्हणतं. मला भूल देऊन अक्कलदाढ काढली तेव्हा दाताचा डॉक्टर "झालं" म्हणाला, आणि मी आमेन म्हणालो होतो.

कामही बदललं. पूर्वी हस्तलिखित आलं की आधी वाचायचो. आता आधी विचारायचं, लेखकाच्या मागं माणसं किती. म्हणजे फोनवर त्याला फॉलो करणारी माणसं. चर्चमधली धरत नाहीत. लँबर्टमामांच्या दारावरची 'ज्येष्ठ संपादक' ही पाटी जाऊन 'आशयसोबती' अशी लागली, आणि त्यांच्याकडे रंगवायचं बायबल आलं. ते आता मीखाला कुठला खडू द्यायचा ते ठरवत होते. माझ्याकडे कुत्रा पाळणाऱ्यांसाठी रोजच्या मननाचं पुस्तक. लेखिका टीव्हीवर हवामान सांगायची, तिच्या मागं अफाट माणसं होती, आणि त्यातली बहुतेक तिच्या कुत्र्याला बघायला येत, म्हणून मुखपृष्ठावर दोघांचंही नाव. आमच्याकडे प्रत्येक लेखकाला श्रद्धेच्या जाहीरनाम्यावर सही करावी लागते. नॅशव्हिलच्या कायदा विभागानं कुत्र्याच्याही पंजाचा ठसा मागवला. बालबाप्तिस्म्याच्या कलमाला त्याची हरकत नव्हती. सार्वजनिक जीवनात गैरवर्तन करणार नाही, या कलमाला मी हरकत घेतली, पण त्याच्या वतीनं बोलायचा अधिकार मला नव्हता. पुस्तक तुफान खपलं. मला मिठी मिळाली.

पूलस्ट्राबाई मात्र काही शिकायला तयार नव्हत्या. त्यांच्या टेबलावर एकच हस्तलिखित होतं आणि त्या त्याला शेवटचा हात फिरवत होत्या. लेखक सीट्स्मा, आयोवातल्या एका खेड्याचा म्हातारा पाळक. त्याच्या मागं एकही माणूस नव्हता, कारण तो वृद्धाश्रमात होता आणि त्याची खुर्ची भिंतीला लावलेली होती. उभ्या आयुष्यात त्यानं मक्याच्या कोठारात गुदमरलेली, ट्रॅक्टरखाली आलेली, तापानं गेलेली पोरं पुरली होती. पुस्तक त्याबद्दल होतं. थडग्यापाशी तो काय बोलला, आणि आईबाप त्याला उलट काय बोलले. मी एक प्रकरण वाचलं आणि उरलेला दिवस कुत्र्याच्या मननाला हात लावू शकलो नाही.

"सातवं प्रकरण मला द्या ना तपासायला," मी त्यांना म्हणालो होतो.

"सातवं झालंय," त्या म्हणाल्या.

लँबर्टमामांनी मला नंतर कोपऱ्यात घेतलं. "सातवं मागू नकोस. ते तिचं आहे."

"म्हणजे त्यांनी लिहिलंय?"

"म्हणजे तिच्या मुलीचं आहे. हेनी मूळची आयोवाची, सीट्स्मांच्याच मंडळीतली. तळ्यावरचा बर्फ फुटला. पोर चार वर्षांची होती. एकुलती." मामांनी खिडकीबाहेर पाहिलं. "इथं सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या आजीलाही."

"आजी कधी बोलली नाही."

"कसं बोलेल? हेनीनं कुठं सांगितलंय."

सातवं मी गुपचूप वाचलं. त्यात सीट्स्मा थडग्यापाशी उभा राहतो, पुस्तक उघडतो, मिटतो, आणि म्हणतो, "मला काही सुचत नाही." मग तो उभाच राहतो. बर्फ पडतोय. माणसंही उभी राहतात. कुणीच जात नाही. अंधार पडायला लागतो तेव्हा मुलीची आई म्हणते, "पाळकसाहेब, आता घरी जा. तुमचे पाय गारठले असतील." प्रकरण तिथंच संपतं.

एवढंच पुस्तक जसं आहे तसं, ज्याचं आहे त्याच्या नावानं छापून यावं, आणि मग घरी जावं, असं पूलस्ट्राबाईंच्या मनात होतं. दुसरं काही त्यांना नको होतं. मिठी तर मुळीच नको होती.

त्या हिवाळ्यात आमच्या ऑफिसात प्रार्थनेची साथ आली. सुरुवात जाहिरात विभागातल्या केलीनं केली. ब्रँटचं संपल्यावर ती म्हणाली, "आणि हे प्रभू, दुसऱ्या मजल्यावरच्या हीटरला स्पर्श कर." सगळे आमेन म्हणाले, ब्रँटही म्हणाला, आणि दुपारी माणूस येऊन हीटर दुरुस्त करून गेला. तोवर आम्ही लेखी तक्रारी करून थकलो होतो. मग काय, लोकांना वाट सापडली. कुणी आपल्या मगातून कॉफी पिणाऱ्या भावाचं मन मऊ करायला सांगे, कुणी प्रवासभत्त्याच्या रूपानं येणाऱ्या आशीर्वादाबद्दल आगाऊ आभार मानी. लँबर्टमामांनी एकदा नहूमला पाचारण करून पाहिलं, पण शेवटी त्यांचा आवाज बसला आणि आमेनच्या आधी नेमकं काय मागितलं ते कुणाला कळलं नाही. बैठका लांबत चालल्या. पेपरमिंटचा खर्च वाढला.

पूलस्ट्राबाई यात कधी पडल्या नाहीत. त्यांच्या पिढीतल्या बाया चारचौघांत मोठ्यानं प्रार्थना करत नाहीत. ते काम वडिलांचं, म्हणजे चर्चच्या वडीलजनांचं. म्हणून त्या सोमवारी ब्रँट श्वास घ्यायला थांबला आणि शेजारून त्यांचा आवाज आला, तेव्हा मी एक डोळा उघडला. लँबर्टमामांचाही एक उघडा होता. आम्ही एकमेकांच्या एकेका डोळ्याकडे पाहिलं.

"हे स्वर्गीय पित्या," पूलस्ट्राबाई म्हणाल्या, दुधवाल्याला निरोप द्यावा तशा आवाजात, "ब्रँटनं सीट्स्मांचं पुस्तक या शरदात काढायचं ठरवलं, म्हणून तुझे आभार. त्यांच्याच नावानं काढायचं ठरवलं, म्हणून आभार. एकही शब्द बदलायचा नाही असं ठरवलं, म्हणून विशेष आभार. मुखपृष्ठावर सूर्योदयाचं चित्र घालायचं नाही असंही ठरवलंय. आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठ्यानं ब्रँट.

त्यानं डोळे उघडले. "हेनी," तो सावकाश म्हणाला, "हे आपण ठरवलं होतं?"

"आत्ता तुम्ही आमेन म्हणालात."

ब्रँटनं टेबलाभोवती पाहिलं. आम्ही सगळे कागद सरळ करण्यात गढलो होतो. मी म्हणालो ना, तो ढोंगी नव्हता. देवाला साक्षी ठेवून हो म्हटलं ते हो. पुस्तक शरदाच्या यादीत गेलं. पूलस्ट्राबाईंनी त्या दिवशी घरी केलेला बँकेट, म्हणजे बदामाचं सारण भरलेली डच पेस्ट्री, आणला आणि प्रत्येकाच्या टेबलावर एकेक तुकडा ठेवला. माझ्या टेबलावर ठेवताना म्हणाल्या, "खोकत जाऊ नकोस रे. घशाला काय झालंय का तुझ्या?"

पण शिकायची तयारी ब्रँटमध्ये आमच्यापेक्षा जास्त होती.

पुढच्या सोमवारी तो उत्साहात आला. फिनिक्सच्या कोल्ट ब्रान्सकमशी बोलणं झालं होतं. कोल्ट हा पाळक. त्याचं चर्च एका बंद पडलेल्या मॉलमध्ये भरायचं आणि त्याच्या मागं एवढी माणसं होती की खुद्द नॅशव्हिलवाले त्याचं नाव घेताना आवाज खाली आणत. कोल्टला दुःखावर पुस्तक हवं होतं. त्यानं स्वतः अजून कुणाला पुरलं नव्हतं. त्याच्या मंडळीत सगळे तरुण, आणि कुणी गेलंच तर ते काम धाकटा पाळक बघायचा.

डोळे मिटले. दोन गोळ्या संपल्या. तिसरी जिभेवर असताना ब्रँट म्हणाला, "आणि हे प्रभू, सीट्स्मांचे शब्द लाखो लोकांपर्यंत जावेत म्हणून हेनी आपलं पुस्तक कोल्टच्या हाती मोकळ्या मनानं सोपवतेय. स्वतःचं नाव मागं घेण्याचा मोठेपणा तू आमच्या वृद्ध बंधू सीट्स्मांना दिलास. या दोघांच्या नम्रतेबद्दल तुझी स्तुती असो. आमेन."

"आमेन," आम्ही म्हणालो. नम्रतेला नाही कोण म्हणणार.

पूलस्ट्राबाईंनी बैठक संपताच आयोवाला फोन लावला. मी समोरच होतो. सीट्स्माला ऐकू कमी यायचं, म्हणून फोनचा आवाज खोलीभर.

"पाळकसाहेब, तुम्ही त्यांच्या कागदावर सही केलीत?"

"केली बाई. त्या पोरानं फोनवर प्रार्थना केली. फार सुंदर. इतकी लांब प्रार्थना माझ्यासाठी कुणी केली नव्हती. मी आमेन म्हटलं. मग कागद आला. आता आमेन म्हटल्यावर सही नाही म्हणायचं, बरं दिसलं नसतं."

"ते पुस्तक तुमचं आहे."

"माझं कसलं? पोरं लोकांची, रडणं लोकांचं. मी नुसता उभा होतो." मग त्यानं विचारलं, "थंडी फार आहे का तिकडं?"

"आहे," पूलस्ट्राबाई म्हणाल्या. "पायांत मोजे घाला."

तेव्हाच त्या निघून जाऊ शकल्या असत्या. पण पुस्तक त्यांनी सोडलं नाही. म्हणाल्या, नाव गेलं तर गेलं, आतला मजकूर तरी मी राखते. मला मदतीला घेतलं. काम विलक्षण सोपं निघालं. सीट्स्मानं सगळं 'मी' असंच लिहिलं होतं. मी गेलो, मी पाहिलं, मी उभा राहिलो. कोल्टला करायला काहीच उरलं नव्हतं. 'मी' जागच्या जागी राहिला, फक्त माणूस बदलला.

अडलं ते सातव्यापाशी. ब्रँट स्वतः आमच्या टेबलापाशी आला, खुर्ची ओढून बसला.

"हेनी, सातवं प्रकरण म्हणजे या पुस्तकाचं हृदय आहे. आम्ही काही वाचकांना दाखवलं, सगळे रडले. दोनच गोष्टी. पहिली, बर्फ. कोल्ट फिनिक्सचा. तिथं बर्फ नाही, तळं गोठत नाही. आपण ते पोहण्याच्या तलावावर घेऊ, आणि थडग्यापाशी धुळीचा वारा."

"बर्फ होता," पूलस्ट्राबाई म्हणाल्या.

"बरोबर, मूळ प्रसंगात होता. दुसरी गोष्ट म्हणजे शेवट. पाळक म्हणतो, मला काही सुचत नाही, आणि नुसता उभा राहतो. सुंदर आहे. पण वाचकानं पैसे दिलेत. त्याच्या हाती काय पडलं? कोल्टच्या मनात असं आहे की त्या क्षणी देव त्याच्या कानात तीन गोष्टी सांगतो. मग त्या तीन गोष्टींची आपल्याला एक वेगळी वहीही काढता येईल, मोकळ्या जागा ठेवून."

"कुणी काही सांगितलं नाही."

"अगं, कथेचा आत्मा तोच राहतो."

"बर्फ होता," पूलस्ट्राबाई पुन्हा म्हणाल्या. आवाज जराही चढला नाही. "जमीन गोठली होती, खणता येईना म्हणून आदल्या दिवशी तिथं शेकोटी पेटवली होती. कुणीही काही सांगितलं नाही. मी तिथं होते. ती माझी मुलगी."

मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिलो. अशी गोष्ट आमच्याकडे कुणी मोठ्यानं बोलत नाही. पलीकडच्या टेबलावर लँबर्टमामांचा खडू थांबला.

ब्रँटचे डोळे भरून आले. खरेच भरून आले. त्यानं पूलस्ट्राबाईंचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. मला वाटलं, झालं, आता हा माणूस सातवं काढून त्यांच्या हातात देईल. अजूनही वाटतं, त्याला त्या वेळी देववलं असतं. पण त्याला दुसरी सवय होती.

"चला," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हे आपण प्रभूपुढं ठेवू."

आणि त्यानं डोळे मिटले. आमचेही मिटले. मिटायचे नव्हते, मिटले.

"हे पित्या," ब्रँट म्हणाला, "आमच्या हेनीचं दुःख तू इतकी वर्षं जपून ठेवलंस, ते वाया घालवायचं नाही म्हणूनच. आज ती ते लाखो वाचकांसाठी कोल्टच्या हाती देतेय. या पानांवर काम करत राहणं तिला किती जड जाईल ते तू जाणतोस, म्हणून तू तिला या कामातून आणि या नोकरीतून मोकळं करतोयस. पुढचे दिवस तिला घरच्या माणसांत सुखाचे जावोत. तिच्या नातवंडांना मांडीवर घ्यायला तिला भरपूर वेळ मिळो. आमेन."

नातवंडं म्हणजे एकुलतीच्या पोटची. ब्रँट नवा होता, त्याला कसं सुचावं. बाकी खोलीतल्या प्रत्येकाला ते सुचलं आणि प्रत्येकजण आमेन म्हणाला. पण त्या सगळ्यांत पहिला आवाज पूलस्ट्राबाईंचा होता. स्वच्छ, ठाम, साठ-पासष्ट वर्षांच्या सवयीचा. शब्द तोंडातून निघून गेल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि आपल्याच तोंडाकडे बघता आलं तर बघावं, तशा त्या बसून राहिल्या.

ब्रँट उठला, त्यानं त्यांना मिठी मारली, आणि डोळे पुसत तो गेला.

"हेनी," लँबर्टमामा म्हणाले. ते त्यांना कधी नावानं हाक मारत नसत, निदान ऑफिसात नाही. "तू नाही म्हण. आत्ता जा आणि नाही म्हण."

"कधी म्हणू?"

"आत्ता."

"आत्ता कसं? प्रार्थना झाली ना." त्यांनी चष्मा डबीत ठेवला. "मध्येच म्हणायला हवं होतं. पण मध्येच बोलायचं कसं, लँबर्ट? तो देवाशी बोलत होता."

मामा आपल्या टेबलाकडे गेले आणि त्यांनी खडू उचलला. मी खोकलो.

निरोपसमारंभ शुक्रवारी झाला. हॅमचे बन होते, जे आमच्याकडे अंत्यविधीनंतर असतात. समारंभातही तेच असतात, वेगळं काही बनवायची पद्धत नाही. ब्रँटनं त्यांना रंगवायचं बायबल भेट दिलं, नातवंडांसाठी. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि आभार मानले. केलीनं खडूंचा डबा दिला. सगळ्यांनी फार छान फार छान म्हटलं. जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या.

"सातव्यात शेकोटीचं वाक्य आहे," त्या म्हणाल्या. "तेवढं काढून टाक. धुळीच्या वाऱ्यात शेकोटी कशाला पेटवतील? वाचणाऱ्याला वाटेल, संपादकाचं लक्ष नव्हतं."

मी ते वाक्य काढलं.

पुस्तक शरदात आलं, यादीत ठरल्याप्रमाणे. मुखपृष्ठावर सूर्योदय आहे आणि सूर्योदयापुढे कोल्ट उभा आहे. सातव्या प्रकरणात धुळीचा वारा सुटतो, देव त्याच्या कानात तीन गोष्टी सांगतो, आणि मुलीची आई त्याला म्हणते, "थँक यू, कोल्ट." वहीही आली आहे. तिच्यात मोकळ्या जागा आहेत. वृद्धाश्रमात सीट्स्माला कुणीतरी पुस्तक वाचून दाखवलं, तर तो म्हणाला म्हणे, हा पाळक बरा दिसतो, याला बोलायला सुचतं. मला बढती मिळाली; पूलस्ट्राबाईंचं टेबल आता माझं आहे. ते मला प्रार्थनेतच कळलं, आणि पुढं काय झालं ते सांगायला नको.

सोमवारी त्यांच्या घरावरून जाताना मी गाडी हळू करतो. एकदा त्या बाहेर पायरीवरचा बर्फ काढत होत्या. मी काच खाली केली.

"ठीक आहात ना, पूलस्ट्राबाई?"

"मस्त आहे," त्या म्हणाल्या. "भरपूर वेळ असतो." आणि फावडं पुन्हा बर्फात घातलं.

आमच्या मंडळ्यांत एखादी गोष्ट बदलायची असेल तर रीत ठरलेली आहे. सभासदानं लेखी विनंती वडीलसभेला द्यायची. वडीलसभा ती क्लासिसला, म्हणजे आजूबाजूच्या मंडळ्यांच्या सभेला पाठवते, क्लासिस सिनडला, म्हणजे सगळ्यांत वरच्या सभेला, पाठवते, सिनड एक समिती नेमते, समिती अभ्यास करते, आणि विनंती करणाऱ्याची नातवंडं म्हातारी होईतो 'माहितीसाठी दाखल' असा शेरा येतो. मी विनंती दिली आहे. ती येणेप्रमाणे:

प्रति, वडीलसभा, तेथून क्लासिस, तेथून सिनड. सविनय विनंती करण्यात येते की, सामुदायिक प्रार्थनेच्या अखेरीस, प्रार्थना ऐकून ज्या सभासदाचं मत निराळं झालं असेल, त्याला 'आमेन'ऐवजी उच्चारता येईल असा एक शब्द सिनडनं अधिकृतरीत्या मंजूर करावा. शब्द लहान असावा. डोळे मिटलेले असतानाही सहज तोंडात यावा. तो लहानपणापासून, 'आमेन'च्या बरोबरीनं, घरोघरी शिकवण्यात यावा. तो उच्चारल्यानं सभासद देवाशी भांडला असं धरण्यात येऊ नये. आणि सदर शब्द पूर्वलक्षी प्रभावानं, निदान गेल्या हिवाळ्यापासून तरी, लागू करण्यात यावा.